बायकोला न सांगता घेतलेली गोळी

मुलुंड-घाटकोपरच्या सोसायट्यांत मधुमेहावर उघड बोललं जातं. सत्यनारायणाच्या प्रसादाला हात आखडता घेताना 'शुगर आहे' म्हणायला कोणी लाजत नाही. पण त्याच शुगरमुळे लिंगाला ताठरता येईनाशी झाली की माणूस गप्प होतो, आणि त्या गप्प बसण्याला शहाणपण म्हणणारेही पुष्कळ भेटतात. त्यांचं म्हणणं असं : हा पुरुषाचा खासगी मामला. त्याने एकट्याने जाऊन गोळी आणावी, बायकोला त्यात ओढून दोघांना अवघडून टाकू नये. शिवाय मुलं लग्नाला आली, आता या वयात हे हवं कशाला?

हे म्हणणं मला साफ नामंजूर आहे.

आधी वयाचं पाहू. वयानुसार ताठरता कमी होते हे खरं, पण मधुमेही पुरुषांत हा त्रास इतरांपेक्षा दहा-पंधरा वर्षं आधी येतो. जगभरातल्या 145 अभ्यासांचा 2017 साली एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा निम्म्याहून अधिक मधुमेही पुरुषांत तो आढळला. अंधेरीच्या ऑफिसातून रात्री बोरिवलीला परतणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला 'वय झालं' सांगणं म्हणजे त्याचा आजारच नाकारणं. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड पुरेसं सुटत नाही, मज्जातंतूंनाही इजा होते, आणि इच्छा असूनही तिथे रक्त भरत नाही. यात मर्दानगीचा संबंध येतो कुठे? शिवाय शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे त्या आधी अरुंद होतात. छातीत दुखू लागण्याच्या दोन-तीन वर्षं आधी ही तक्रार सुरू झालेली पुष्कळदा दिसते. जो नवरा ती लपवतो, तो हृदयाने दिलेली सूचना लपवतो. ती बायकोला कळू नये?

'गुपचूप इलाज करा' या सल्ल्याचा फायदा कोणाला होतो, ते लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या पत्रकांवर वाचावं. गुप्तरोग, कमजोरी, खात्रीचा इलाज. 1954 च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने ज्या आजारांवरच्या इलाजांची जाहिरात करायला मनाई आहे, त्यांच्या यादीत मधुमेह आणि नपुंसकत्व दोन्ही आहेत. तरी हा धंदा चालतो, कारण गिऱ्हाईक एकटं येतं आणि फसल्यावर तक्रार करायला घरात कोणाला काही सांगितलेलंच नसतं. 'वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा गोळ्यांत सिल्डेनाफिल हे ताठरतेचं औषध लपवून मिसळल्याचं अमेरिकेच्या औषध प्रशासनाला वारंवार आढळलं आहे.

सिल्डेनाफिल हे औषध म्हणून वाईट नाही. 1998 पासून ते वापरात आहे. मधुमेह्यांना गुण थोडा कमी येतो, म्हणून ते नीट घेणं जास्त महत्त्वाचं : साधारण तासभर आधी, आणि तेलातुपाच्या भरपेट जेवणानंतर नाही. नुसती गोळी गिळून काही होत नाही, स्पर्श आणि उत्तेजना लागतेच. ज्या बायकोला काहीच माहीत नाही, तिच्या शेजारी घड्याळ बघत पडलेला माणूस दोन प्रयत्नांत खचतो आणि गोळी फेल ठरवतो. तिकडे ती समजते, याचं माझ्यावरचं मन उडालं.

याहून गंभीर बाब जिवाची आहे. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवतात त्या सॉर्बिट्रेटसारख्या नायट्रेटच्या गोळ्यांशी या औषधाचं वैर आहे. दोन्ही अंगात गेली तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतो. सिल्डेनाफिलनंतर 24 तास आणि त्याच जातीच्या टाडालाफिलनंतर 48 तास नायट्रेट टाळतात. रात्री दोन वाजता नवऱ्याला रिक्षात घालून राजावाडी किंवा कूपर रुग्णालयात नेलं, तर त्या गोळीबद्दल डॉक्टरांना सांगणार कोण? त्याला धरून बसलेली बायकोच. तिला 'अवघडून टाकायचं नाही' म्हणून अंधारात ठेवणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

हे बोलणं आपल्याकडच्या रीतीत बसत नाही, असं कोणी म्हणेल तर त्याने याच मुंबईचा इतिहास आठवावा. र. धों. कर्व्यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि वाचकांच्या कामजीवनाबद्दलच्या प्रश्नांना न लाजता उत्तरं दिली. त्या उत्तरांवरून खटला झाला, तेव्हा 1934 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. निकाल विरुद्ध गेला, पण मासिक बंद पडलं नाही. पुढे डॉ. विठ्ठल प्रभूंनी 'निरामय कामजीवन' हे पुस्तक मराठीतच लिहिलं.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. मधुमेहाच्या तपासणीला दोघांनी आत जावं. पहिल्या वेळी त्याला एकट्याने बोलावंसं वाटलं तर जरूर बोलावं, पण तिथेच थांबू नये. आणि डॉक्टरांनी पाय तपासतात, डोळे तपासायला पाठवतात, तसं हेही आपणहून विचारावं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी त्रास वाढतो, कधी टेस्टोस्टेरॉन कमी असतं. गोळी लागू पडली नाही तर व्हॅक्यूमचं उपकरण, इंजेक्शन, शेवटी शस्त्रक्रिया असे मार्ग आहेत. यातलं काहीही तिच्या संमतीवाचून निभत नाही. मास्टर्स आणि जॉन्सन या कामजीवनाच्या संशोधकांनी 1970 साली मांडलेली रीत तर दोघांशिवाय सुरूच होत नाही : काही आठवडे संभोग बाजूला ठेवायचा आणि फक्त स्पर्शाची ओळख नव्याने करून घ्यायची. वन रूम किचनमध्ये, हॉलमध्ये आई-वडील झोपलेले असताना हे अवघड आहे, मान्य. तो एकांत कसा मिळवायचा हेही दोघांनाच ठरवावं लागतं.

एक आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. काही बायका म्हणतील, बरं झालं, सुटले. त्यांचं ऐकलंच पाहिजे. पाळी गेल्यावर कोरडेपणा येतो, तिलाही मधुमेह असेल तर वारंवार जंतुसंसर्ग होतो, संबंधाच्या वेळी दुखतं. यांवर उपचार आहेत, पण तिला कोणी विचारलेलं नसतं. आणि दुखत नसूनही नको असेल, तर ते त्याला गोळी सुरू करण्याआधी कळायला हवं, तिच्या तोंडून.