ऋण काढून सण?

‘ऋण काढून सण’ हे शब्द आपल्या भाषेत निंदेसाठी वापरले जातात. परंतु जो निंदा करतो त्याच्याही घरी सणाचा दिवस उजाडतो, मुले नव्या कपड्यांची वाट पाहतात, लेकीच्या सासरी काय पाठवावे याची बोलणी होतात, आणि महिन्याच्या पगारात हे सारे बसत नाही असे दिसून येते. म्हणून निंदा बाजूला ठेवून हा प्रश्न हिशेबाच्या वहीत मांडून पाहणे अधिक उपयोगाचे होईल.

त्यासाठी चेन्नईसारखे दुसरे शहर शोधूनही सापडणार नाही. ऐप्पसी महिन्यात दीपावली, डिसेंबरच्या अखेरीस नाताळ आणि जानेवारीच्या मध्यास पोंगल, असे तीन मोठे सण या शहरात सुमारे तीन महिन्यांच्या अंतरात येतात. एकाच घरात तिन्ही साजरे होत नसले, तरी खर्चाचा वारा साऱ्यांनाच लागतो. त्यागरायनगरच्या रंगनाथन रस्त्यावर दीपावलीच्या आधी पाऊल ठेवायला जागा नसते. ती गर्दी ओसरते न ओसरते तोच सांतोम, पेरांबूर या भागांतील घरांवर कागदी तारे लटकू लागतात, बेकऱ्यांत केकच्या मागण्या नोंदविल्या जातात; आणि नाताळ सरला की उसाच्या मोळ्या व हळदीची रोपे बाजारात येतात.

या खर्चाचा मोठा भाग हौसेचा नसून रीतीचा असतो, हे प्रथम ध्यानात घ्यावे. आपल्याकडे जो दिवाळसण, त्यालाच तमिळ घरांत ‘तलै दीपावली’ म्हणतात. लग्नानंतरच्या पहिल्या दीपावलीला जावई सासुरवाडीस येतो. त्याला कपडे, ऐपतीप्रमाणे अंगठी किंवा साखळी, लेकीला रेशमी साडी. मग पोंगलला ‘सीर’ जाते: तांदूळ, गूळ, ऊस, हळद, भांडी. ‘सीर’ या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. आहेर, रुखवत आणि भाऊबीज यांचा थोडाथोडा अर्थ त्यात आहे. त्यामागील माया खरी आहे. पण मायेला आकडा चिकटला, की ‘थोरलीच्या वेळी इतके दिले होते’ हे वाक्य धाकटीच्या बापाला रात्रभर जागे ठेवते. ख्रिस्ती कुटुंबांतही नाताळचे नवे कपडे, केक, मुलांच्या भेटवस्तू आणि पाहुण्यांचे जेवण यांचा ताण याच जातीचा असतो. धर्म निराळा असला तरी वाण्याची यादी सारखीच लांबते.

चेन्नईत या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. महाराष्ट्रात दिवाळीला पाऊस परतलेला असतो. तमिळ किनाऱ्यावर त्याच सुमारास ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हे तेथील मुख्य पावसाचे व वादळांचे महिने. 2015 च्या डिसेंबरारंभी शहर पाण्याखाली गेले. 2023 साली दीपावली 12 नोव्हेंबरला झाली आणि तीनच आठवड्यांनी, 3 व 4 डिसेंबरला, मिचौंग चक्रीवादळाने घराघरांत पाणी शिरले. ज्या कुटुंबाची शिल्लक दीपावलीत संपली होती, त्याला गादी, शेगडी आणि औषधे उधारीवर घ्यावी लागली असणार. सण आणि संकट एकाच ऋतूत येतात तेथे सणाचा पैसा व संकटाचा पैसा एकाच डब्यात ठेवून चालत नाही.

हा पैसा येतो कोठून? संघटित कामगाराला बोनसचा आधार असतो. कायद्याने ठरलेला किमान बोनस 8.33 टक्के आहे. म्हणजे वर्षाच्या वेतनाचा बारावा हिस्सा, अर्थात एक महिन्याचा पगार. घरकाम करणारी बाई, रिक्षावाला, फुलविक्रेती यांना तोही नाही. त्यांच्यासाठी ‘दीपावली चीट्टु’ असते. आपल्या भिशीची ही बहीण. दरमहा ठरावीक रक्कम गल्लीतील कोणाकडे तरी भरायची आणि दीपावलीआधी मिठाई, फटाके, भांडी, कपडे किंवा सोन्याचे नाणे घ्यायचे. कल्पना उत्तम आहे: आधी साठवा, मग खर्च करा. दोष आहे तो विश्वासाच्या लेखी पुराव्याचा. चिट फंडासाठी 1982 चा कायदा आहे, नोंदणी आहे, निबंधक आहे. पण गल्लीतल्या चीट्टुला बहुधा यांतले काहीच नसते. गोळा करणारा नाहीसा झाला, तर वर्षाची पुंजी नाहीशी होते.

हे केवळ आपल्याच देशात घडते असे समजू नये. ब्रिटनमध्ये फेअरपॅक नावाची कंपनी होती. हजारो सामान्य कुटुंबे तिच्याकडे वर्षभर हप्ते भरीत आणि नाताळात त्यांना खाद्यपदार्थांच्या टोपल्या व खरेदीची कुपने मिळत. 2006 च्या ऑक्टोबरात, नाताळ अवघ्या अडीच महिन्यांवर असताना, ती बुडाली. लाखाहून अधिक लोकांचे सुमारे 4 कोटी पौंड अडकले. पुढे अनेक वर्षांनी त्यातला काही भाग तेवढा परत मिळाला. ही माणसे उधळी नव्हती. कर्ज नको म्हणूनच त्यांनी हप्ते भरले होते. काटकसर करणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती कोठे ठेवावी हे जाणणेही महत्त्वाचे, हा त्यांच्या हानीतून मिळणारा धडा आहे.

चीट्टु नसेल तर उरते ते रोजच्या वसुलीचे कर्ज, ज्याला चेन्नईत ‘तंडल’ म्हणतात. समजा, दहा हजारांचे कर्ज ठरले. हजार रुपये आधीच कापून हाती नऊ हजार आले. आणि रोज शंभर रुपये शंभर दिवस फेडायचे. वरवर पाहता हे व्याज फार वाटत नाही. पण मुद्दल रोज कमी होत असल्यामुळे सरासरी साडेचार हजारच आपल्याकडे राहतात, आणि त्यावर शंभर दिवसांत हजार रुपये जातात. वार्षिक दर सुमारे 80 टक्के पडतो! आणि दीपावलीला घेतलेले हे कर्ज फिटण्याआधीच पोंगल दारात उभा राहतो.

आता खर्च होतो त्यातून मिळते काय, हेही पाहू. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1993 साली नाताळच्या भेटींविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना मिळालेल्या भेटींची किंमत त्यांनी स्वतः किती धरली असती, असे त्याने विचारले. उत्तरांवरून त्याने काढलेला अंदाज असा, की भेटीच्या किमतीचा दहावा हिस्सा ते तिसरा हिस्सा घेणाऱ्याच्या लेखी वायाच जातो. अर्थशास्त्राला प्रेम मोजता येत नाही, हे खरे. पण आपल्या कपाटातील न वापरलेले स्टीलचे डबे आणि न नेसलेल्या साड्या मोजल्या, तर वाचकांना हा निष्कर्ष परका वाटणार नाही.

याउलट ज्यांचे मोल कमी होत नाही अशा भेटीही याच सणांत आहेत. चेन्नईच्या ख्रिस्ती घरांतून नाताळात कलकल आणि साच्यातली गुलाबाच्या आकाराची कुरकुरीत बिस्किटे शेजाऱ्यांकडे जातात. गोव्यात नेवऱ्या व दोदोल यांची ताटे फिरतात. आपल्या फराळाची ताटे तर परिचितच आहेत. दीपावलीच्या पहाटे तमिळ माणूस शेजाऱ्याला ‘गंगास्नान झाले का?’ असे विचारतो. त्या प्रश्नाला, तिळाच्या तेलाला आणि दारातल्या कोलमला फारसे पैसे लागत नाहीत. सण मात्र तेवढ्याने सुरू होतो.

तेव्हा वाचकांना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. सण सरताच, आठवण ताजी असताना, झालेला खर्च वहीत लिहून काढावा. त्यातील रीतीचा कोणता, हौसेचा कोणता आणि केवळ लोकलाजेचा कोणता, अशा तीन खुणा कराव्यात. उरलेल्या रकमेला बारांनी भागावे. दहा हजारांच्या सणासाठी महिन्याला साधारण 835 रुपये पडतात. ते बँकेच्या आवर्ती ठेवीत टाकावे, जेथे पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण आहे. भिशीतच भरायचे असेल, तर प्रत्येक हप्त्याची सही घ्यावी. आणि आकस्मिक संकटाची शिल्लक वेगळी ठेवून तिला सणात हात लावू नये.

चौथी सूचना पैशाची नाही. लेकीचे आईबाप ‘यंदा थोडक्यात करू’ असे स्वतःहून म्हणू शकत नाहीत. त्यांना ते कमीपणाचे वाटते. म्हणून ते मुलाकडच्यांनी म्हणावे. घरात सून आणलेल्या प्रत्येक सासूसासऱ्यांनी दिवाळीपूर्वी महिनाभर व्याह्यांना एवढेच सांगावे, की आम्हांला माणसे हवीत, वस्तू नकोत. या एका वाक्याने कोणाच्या तरी घरचे कर्ज टळेल, आणि ती लेक माहेरी निर्धास्त मनाने सण साजरा करील.