फोटोत न दिसणारा खर्च

पावसाळा आला की आपल्या हॉस्टेलवर दोनच विषय असतात. एक सबमिशन आणि दुसरा ट्रेक! रहाटणीहून पहाटे निघायचं, काळेवाडीवरून पिंपरी नाहीतर चिंचवड स्टेशन गाठायचं, लोणावळा लोकल पकडायची आणि मळवलीला उतरायचं. समोर लोहगड आणि विसापूर उभेच. इतकं सोपं असल्यामुळे सगळेच जातात. त्यात २०२५ मध्ये लोहगड, राजगड वगैरे किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यामुळे ज्यांना गड कशाशी खातात हे माहीत नव्हतं तेही आता निघालेत. चांगलंच आहे. जावंच.

पण जाण्याआधी आठवडाभर मेसमध्ये जी चर्चा चालते ती ऐकलीत का? जॅकेट कुठल्या रंगाचं, गॉगल कुठला, टोपी कुठली. बुटाचा सोल उलटा करून कोणी बघत नाही. माझं मत स्पष्ट आहे. आपण पैसे उलट्या क्रमाने खर्च करतो. जे फोटोत दिसतं त्यावर कमी आणि जे दिसत नाही, म्हणजे सोल, शिलाई, सॅकची चेन, टॉर्च, दोर, त्यावर जास्त खर्च व्हायला हवा. हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाही. एकाचा बूट उतरणीवर फाटला की एकटा तोच अडकत नाही, अख्खा ग्रुप थांबतो. मग अंधार पडतो आणि खरे अपघात तिथून सुरू होतात.

सुरुवात पायापासून करू. सह्याद्री म्हणजे बेसॉल्ट. कोरडा असला तर प्रेमळ, ओला झाला की साबण! कॉलेजला घालतो ते स्पोर्ट्स शूज टणक सोलचे असतात, ते ओल्या कातळावर सरळ घसरतात. इथे मेकॅनिकलवाल्यांनी जरा डोकं लावावं. मऊ रबर पकडतं चांगलं, पण झिजतं लवकर. टणक रबर वर्षानुवर्षं टिकतं, पण पकडत नाही. चिखल आणि घसाऱ्यासाठी खोल खाचा लागतात. शेवाळावर मात्र कुठलाच सोल चालत नाही, तिथे बाजूने जाणं हाच उपाय.

खाचांच्या सोलमागे एक दुःखद गोष्ट आहे. तेव्हा आल्प्समध्ये पायथ्यापासून चालायला खिळ्यांचे जड बूट आणि कातळावर चढायला पातळ बूट अशी पद्धत होती. १९३५ मध्ये इटलीत पुंता रासिका या शिखरावर पातळ बुटांवर गेलेल्या एका टोळीला वादळाने गाठलं आणि सहा जण गेले. त्यांच्याबरोबरचा विताले ब्रामानी वाचला. चिखल, बर्फ, कातळ सगळीकडे चालेल असा एकच सोल हवा, हे त्याने मनावर घेतलं आणि १९३७ मध्ये खोल खाचांचा रबरी सोल आणला. त्याचं नाव व्हिब्रम. मदत कोणाची, तर पिरेली या टायर कंपनीची! आपण चाकण-भोसरीच्या पट्ट्यात राहतो, टायरची ट्रेड बघून गाडीची किंमत करतो. मग स्वतःच्या पायाखालची ट्रेड का बघत नाही?

यासाठी इम्पोर्टेड बूटच लागतात असं अजिबात नाही. सह्याद्रीतल्या ट्रेकर्सच्या कित्येक बॅचेस कॅनव्हासच्या हंटर शूजवर आणि ॲक्शन ट्रेकिंगवर गड चढल्या आहेत. नवीन बूट घेतले की फाट्यावरच्या चप्पल शिवणाऱ्या काकांकडून सोलला चारी बाजूंनी शिलाई मारून घ्या. कारखान्यातलं चिकटवणं पावसात दगा देऊ शकतं, काकांची शिलाई सहसा देत नाही. आणि हो, बूट कपाटात ठेवले की टिकतात हा गैरसमज आहे. पॉलियुरेथेनचा मधला थर हवेतल्या दमटपणाने न वापरताही कुजतो आणि एक दिवस भाकरीसारखा तुटतो. निघायच्या दोन दिवस आधी अंगठ्याने दाबून, बूट वाकवून बघा. भेगा दिसल्या तर तो बूट घरीच राहू दे.

काहीजण इंटर्नशिपचे सेफ्टी शूज घालून येतात. त्यात पुढे लोखंडी टोपी असते, ती शॉप फ्लोअरवर बोटं वाचवते. उतरणीवर तीच बोटांवर आपटते. ज्या कामासाठी वस्तू बनवली त्या कामाला ती वापरावी, इतकं साधं आहे.

इथे हमखास येणारा प्रश्न: "गावातले मामा साध्या चपलेवर चढतात, मग आपल्याला कशाला बूट?" मामा त्या वाटेने लहानपणापासून जातात. त्यांना प्रत्येक दगड ओळखतो. आपल्याला ओळखतो का?

आता कपडे. जीन्स घालून पावसात ट्रेकला जाणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार! ती भिजली की जड होते, गुडघ्याला चिकटते, मांड्या घासून सालटी निघतात आणि दोन दिवस वाळत नाही. साध्या हवेतच कॉटन स्वतःच्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून बसतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. पाणी स्थिर हवेच्या जवळजवळ पंचवीस पट उष्णता वाहून नेतं. म्हणून जुलैमध्येसुद्धा माथ्यावरच्या वाऱ्यात ओल्या कॉटनमधला माणूस कुडकुडतो. पिंपरी कॅम्पात मिळणारा साधा पॉलिएस्टरचा टी-शर्ट आणि ट्रॅक पँट हे काम मस्त करतात. त्यावर ब्रँडचा शिक्का नसला तरी पावसाला फरक पडत नाही. मे महिन्याच्या उन्हात मात्र सैल, पूर्ण बाह्यांचा कॉटन शर्ट उत्तम, कारण तिथे घामाचा गारवा हवाच असतो.

रेनकोटचं गणित अजून मजेशीर आहे. हजारो रुपयांची 'ब्रीदेबल' जॅकेट्स आतली वाफ बाहेर टाकतात, पण त्यासाठी आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबात फरक लागतो. आपल्या मावळात पावसाळ्यात हवाच पाण्याने भरलेली, वाफ जाणार कुठे? चढताना घामाने भिजणारच. त्यामुळे वाटेवर सैल पोंचो बरा. उघड्या कड्यावर, वाऱ्यात मात्र पोंचो उडतो आणि पायाखालचं दिसू देत नाही, तिथे अंगाबरोबर बसणारं जॅकेट हवं. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना 'रेनकोट' तेवढा माहीत. 'इरलं' हा शब्द मी मावळातल्या एका आजोबांकडून ऐकला. बांबू आणि पानांचं, डोक्यापासून पाठ झाकणारं, पुढून उघडं. भातलावणीत वाकून काम करा, वारा खेळता राहतो. तीच गोष्ट घोंगडीची. लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत बाष्प शोषूनही ओली वाटत नाही. टेक्निकल गिअर टेक्निकल गिअर म्हणतात ते दुसरं काय असतं?

पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेने २०१२ मध्ये एव्हरेस्ट आणि २०१९ मध्ये कांचनजंगा सर केलं, याचा आपल्याला अभिमान आहेच. पण तिथलं पिसांचं जॅकेट तिथल्या कोरड्या थंडीसाठी. लोहगडच्या पावसात ते ओल्या उशीसारखं होईल.

लेडीज हॉस्टेलचा प्रॉब्लेम वेगळाच. 'लेडीज ट्रेकिंग शूज' म्हणून दुकानात अनेकदा रंग गुलाबी आणि सोल वॉकिंगचा असा प्रकार मिळतो. मुलींनो, रंग विसरा. मुलांचा लहान साइज घालून बघा, जाड मोजे घालून, संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना. पुढे अंगठ्याला जागा आणि मागे टाच घट्ट, हे जमलं तरच घ्या.

एका बाबतीत मात्र काटकसर नको. दोर, हार्नेस आणि हेल्मेट. हल्ली वीकेंडला रॅपलिंग, व्हॅली क्रॉसिंग करवणारे ग्रुप भरपूर झालेत. साइटवरचा सेफ्टी बेल्ट आणि कड्यावरचा हार्नेस एकच नव्हे. चढाईचा दोर ताणला जाऊन पडण्याचा झटका खातो, न ताणणारा दोर तो झटका तुमच्या कमरेला देतो. नायलॉन न वापरताही म्हातारं होतं, दोर बनवणारे साधारण दहा वर्षांची मर्यादा सांगतात. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात आयोजकांसाठी नोंदणी आणि सुरक्षेचे नियम आहेत. म्हणून फी भरण्याआधी विचारा: नोंदणी आहे का? दोर किती जुना? त्याची वही ठेवता का? विचारताना लाजू नका. उत्तर देताना समोरचा चिडला, तर तेच उत्तर समजा.

शेवटी रेक्टर सर आणि जिमखान्याला एक विनंती. प्रत्येकाने सगळं विकत घेणं मनीऑर्डरच्या जमान्यात परवडत नव्हतं, यूपीआयच्या जमान्यातही परवडत नाही. हॉस्टेलमध्ये एक कपाट द्या. त्यात दहा हेड टॉर्च (मोबाईलचा फ्लॅश म्हणजे टॉर्च नव्हे, मोबाईल फोन करायला शिल्लक राहिला पाहिजे), चार-सहा चढाईची हेल्मेट्स, दोन चांगल्या सॅक, एक फर्स्ट एड बॉक्स आणि एक वही. नेणाऱ्याने नाव लिहायचं, आणताना काय तुटलं तेही लिहायचं. दोर मात्र त्या कपाटात नको, तो प्रशिक्षित माणसाच्याच हातात शोभतो. वर्कशॉपमध्ये टूल क्रिबला आपण हेच करतो ना? मग गडासाठी का नाही?

फोटो काढा, खूप काढा. फक्त पुढच्या वेळी निघण्याआधी एकदा बूट उलटा करून बघा. बघा, पटतंय का!

– टी. ई. (मेकॅनिकल)