जुलैचे प्रमाणपत्र, एप्रिलचा टँकर

इगतपुरीत सामान्य वर्षात 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच तालुक्यातल्या काही वाड्या-पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ही गोष्ट इतक्यांदा छापून आली आहे की तिचे कोणाला काही वाटेनासे झाले आहे. आपल्या व्यवसायातल्या माणसांना मात्र वाटायला हवे. महामार्गालगत आणि भावली धरणाच्या बाजूने जी हॉटेले, रिसॉर्ट आणि मंगल कार्यालये उभी राहत आहेत, त्यांच्या पाण्याचे आराखडे आपल्याच टेबलावरून जातात.

तालुक्यातले पाणी अडवले जात नाही असे नाही. दारणा धरण 1916 मध्ये पुरे झाले, ऊर्ध्व वैतरणा 1973 मध्ये. एकाचे पाणी गोदावरीकडे जाते, दुसऱ्याचे मोडकसागरमार्गे मुंबईच्या नळांना. धरणांचा हिशेब जलसंपदा खात्याचा. गच्चीचा हिशेब आपला. तो आपण कसा करतो?

राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. अट पाळायचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे शोषखड्डा. गच्चीचा पाइप खड्ड्यात सोडायचा, वर दगड-वाळू, फोटो काढायचा, भोगवटा प्रमाणपत्राच्या फायलीला लावायचा. पावसाळ्यात पाहणी झाली तर पाणी खड्ड्यात जाताना दिसतेही. मग सगळे खूश.

इगतपुरीत हा खड्डा बहुतेक ठिकाणी निरुपयोगी आहे, हे स्पष्ट म्हणायची वेळ आली आहे. भूशास्त्रज्ञांनी दख्खनच्या बेसॉल्टमधल्या एका थर-समूहाला याच गावाचे नाव दिले आहे, ‘इगतपुरी फॉर्मेशन’. म्हणजे खाली काय आहे याबद्दल शंका नको. या खडकात पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये, तेही थोडेच. धो धो पावसात ही जागा लवकर भरते. मग डोंगरउतारावर जागोजागी झरे फुटतात आणि आपल्या खड्ड्यातले पाणी आत जायचे सोडून वर येते. जे आत गेले, त्यातलेही बरेचसे उताराने ओढ्याला मिळून हिवाळ्यातच निघून जाते. मराठवाड्यात, जागा नीट पारखून केलेले पुनर्भरण मोलाचे ठरू शकते. तोच नकाशा उचलून घाटमाथ्यावर लावणे हा आपला आळस आहे.

इथे टाकी हवी, आणि ती किती मोठी हवी हा खरा प्रश्न. 50 खोल्यांचे, 100 खाटांचे हॉटेल धरू. भारतीय मानक 1172 नुसार खाटेमागे दिवसाला 180 लिटर, म्हणजे 18,000 लिटर. ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत 240 दिवस पावसाविना काढायचे तर 43 लाख लिटर लागतील. तीन मीटर खोल टाकी बांधली तरी 1440 चौरस मीटर जागा हवी. हा आकडा ऐकून मालक हात जोडतो आणि पुन्हा शोषखड्ड्यावर येतो. चूक मालकाची नाही, आपण प्रश्नच चुकीचा मांडतो. मार्चअखेरपर्यंत नळाचे किंवा विहिरीचे पाणी कसेबसे पुरते. खरी ओढ शेवटच्या 75 दिवसांची. मे महिन्यात सुट्ट्यांची गर्दी असते, म्हणून सगळ्या खोल्या भरलेल्या धराव्यात. त्यातली एकतृतीयांश गरज, म्हणजे फ्लश आणि बाग, प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर टाकली तर ताज्या पाण्याची गरज 12,000 लिटरवर येते. 75 दिवसांचे झाले नऊ लाख लिटर. तीन मीटर खोलीला 300 चौरस मीटर, डझनभर मोटारींच्या पार्किंगखाली मावेल इतकी जागा.

आता ही टाकी भरते का ते पाहा. 1000 चौरस मीटर छत, 0.8 गुणांक धरला तर नऊ लाख लिटरला 1125 मिलिमीटर पाऊस पुरतो. इगतपुरीत तो साधारण जुलै सरायच्या आत पडून गेलेला असतो. म्हणूनच इथे पहिला पाऊस वाहू देण्यात कंजुषी करायचे कारण नाही. जूनचे पहिले काही दिवस छत, शेवाळ, पक्ष्यांची विष्ठा सगळे धुऊन जाऊ द्यावे आणि मग झडप फिरवावी. कमी पावसाच्या गावात ही चैन परवडत नाही. शिवाय गच्चीचे पाणी मऊ असते; लॉन्ड्रीला आणि बॉयलरला तेच आधी द्यावे, सॉफ्टनरच्या मिठाचा खर्च वाचतो.

पन्हळी आणि उभे पाइप मात्र पुण्या-नाशिकच्या तक्त्यावरून उचलू नयेत. तासाला 50 मिलिमीटर धरून बसवलेल्या पाइपाला 100 मिलिमीटरच्या सरीत निम्मेच छत झेपते. उरलेले पाणी भिंतीवरून उतरते आणि मालक वॉटरप्रूफिंगच्या ठेकेदाराला शिव्या घालतो.

या डोंगरांना हा हिशेब नवा नाही. दक्षिणेला कळसूबाई रांगेत अलंग आणि कुलंग उभे आहेत. त्यांच्या माथ्यावर कातळात खोदलेली टाकी पाहा. कुलंगवर तर घळीला आडवी भिंत घालून पाणी अडवलेले दिसते. गडावर शिबंदी ठेवायची तर पाणी वरच साठवावे लागणार, हे खोदणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. तिथे पाणी खडकाच्या पोटात मुरवण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही.

सांडपाण्याच्या प्रक्रियेबद्दल एक तक्रार. पर्यटनाच्या गावात सोमवार ते गुरुवार खोल्या रिकाम्या आणि शनिवार-रविवार ओसंडून, अशी स्थिती असते. रोजच्या सरासरीवर काढलेल्या एसटीपीत आठवड्याच्या मध्याला जिवाणू उपाशी मरतात आणि रविवारी पूर येतो. मग वास सुटतो, पाहुणे तक्रार करतात आणि कोणीतरी बायपासची झडप उघडतो. ती पुन्हा बंद होत नाही. आराखड्यात मोठी समतोल टाकी दाखवा, खर्च वाढला तरी दाखवा. इगतपुरीतल्या धम्मगिरी विपश्यना केंद्रासारख्या ठिकाणी, जिथे 10 दिवसांची शिबिरे वर्षभर चालतात, तिथे भार बराच सारखा राहतो. तिथले गणित वेगळे आणि सोपे. वसतिगृहे आणि रुग्णालयेही त्याच बाजूची. एकच मॉडेल सगळ्यांना विकणाऱ्या पुरवठादाराला हा फरक विचारून पाहा.

मीटरबद्दल फार लिहीत नाही. स्वयंपाकघर, लॉन्ड्री, खोल्या आणि फ्लशची लाइन यांना वेगवेगळे मीटर नसतील तर बचत झाली की खोल्या रिकाम्या होत्या, हे कोणालाच सांगता येत नाही.

नियोजन प्राधिकरणांकडे आमची मागणी साधी आहे: घाटमाथ्यावरच्या मोठ्या इमारतींना खड्ड्याऐवजी साठवणुकीची किमान क्षमता लिटरमध्ये घालून द्यावी आणि तपासणी पहिल्या पूर्ण उन्हाळ्यानंतर करावी. ते होईल तेव्हा होईल. तोवर वाचकांनी आपण आराखडा केलेल्या इमारतींची एप्रिल आणि मेची टँकरची बिले मालकांकडून मिळवून आमच्याकडे पाठवावीत. इमारतीचे नाव न देता आम्ही आकडे छापू. टँकरच्या रकान्यात शून्य लिहिणाऱ्यांनी बोअर किती फूट खाली नेली, तेही सोबत कळवावे.