डोळ्यात गेलेली कणी

दिवाळी आली की आम्हांला उटण्याआधी कोळशाच्या धुराचा वास येतो. हसू नका. आम्ही जळगावचे, आजोळ धुळ्याचे. आणि भाऊबीजेला आईला माहेरी नेणारी आगगाडी कोळशाची!

एस.टी. एरंडोल-पारोळ्यावरून थेट जाई, पण आईला एस.टी. लागायची. म्हणून आधी रेल्वेने चाळीसगाव, आणि तिथे वळकटी, फिरकीचा तांब्या, दशम्यांचा डबा सांभाळीत धुळ्याच्या गाडीत. हा ३५ मैलांचा फाटा १९०० सालचा. खिडकी आमची. डोके बाहेर काढायचे नाही अशी ताकीद असे, म्हणूनच आम्ही ते काढीत असू. जामदा येईतो डोळ्यात कणी गेलेलीच! आई पदराच्या टोकाचा बोळा करी, त्यावर तोंडाची वाफ सोडी आणि डोळ्यावर धरी.

परतताना मात्र मामा फलाटावर हात हलवीत उभे राहात, इंजिन चार जड उसासे टाकी, आणि कणी हमखास आईच्याच डोळ्यात जाई. ती इंजिनाकडे पाठ करून बसलेली असली, तरीही!

पुढे भुसावळच्या एका फायरमनने आम्हांला समजावले. काम झालेली वाफ धुराड्यातून जोराने बाहेर पडते, ती भट्टीचा जाळ ओढून घेते. गाडी सुटताना हा जोर फार, म्हणून कणही तेव्हाच जास्त उडतात. ऐकून बरे वाटले. आई खरेच बोलत होती, असे आणखी काही वर्षे धरून चालता आले. (त्या फायरमनच्या हातांवरचे भाजल्याचे डाग आठवले, की धुराचे गोडवे गाताना जीभ अडखळते, हेही सांगून टाकतो.)

१९७० साली चित्तरंजनच्या कारखान्यातून ‘अंतिम सितारा’ हे ब्रॉडगेजचे शेवटचे वाफेचे इंजिन बाहेर पडले. १९९५ मध्ये ब्रॉडगेजवरून वाफेच्या नेहमीच्या गाड्याही गेल्या. धुळ्याच्या फाट्यावर आता विजेची मेमू धावते. मामा नाहीत, आईही नाही.

गेल्या भाऊबीजेला लेक आली होती. तिला पोचवायला मुलासह जळगाव स्टेशनवर गेलो. डबा वातानुकूलित, काच बंद. गाडी सुटली, ना धूर, ना उसासा.

“बाबा, डोळे का चोळताय?” मुलाने विचारले.

आम्ही वर विजेच्या तारांकडे पाहिले. कोळशाचे नाव घ्यायची सोय राहिली नव्हती.

“चष्मा टोचतोय रे,” म्हटले.