रेस संपते, घोडा उरतो

लासलगावात कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेशेजारून घोडा नेला की दोन प्रश्न हमखास येतात. "कितीला घेतला?" आणि "वरातीला देतो का?" मला हवा असलेला तिसरा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही: ज्यांनी याच्या पायांवर पैसे लावले, ते याच्या चाऱ्याला आता काय देतात?

काहीही देत नाहीत.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर. पुण्यात नोकरी करताना घोडेस्वारी शिकलो, घरून काम सुरू झालं तसा गावी परतलो. घोडा घ्यायचा तर येवल्याचा मंगळवारचा बाजार जवळ होता. तिथे लोक दात बघतात, भोवरे बघतात, चालवून बघतात. मी मात्र एका दलालाने पाठवलेला व्हिडिओ बघितला. सात वर्षांचा थरोब्रेड, रेसमधून निवृत्त. माझ्या फोनपेक्षा स्वस्त. तिथेच शंका यायला हवी होती.

आजीने त्याचं नाव सोन्या ठेवलं. बाकी सगळं अवघड होतं.

रेसचा घोडा तबेल्यात वाढतो, ताकदीसाठी त्याला भरपूर दाणा मिळतो. पण घोड्याच्या पोटात आम्ल सतत तयार होतं, त्याला दिवसभर चघळायला चारा लागतो. म्हणून या घोड्यांमध्ये पोटातले अल्सर सर्रास आढळतात. सोन्यालाही होते. दाणा हळूहळू कमी केला, कडबा आणि लसूणघास वाढवला. आणि आमच्या गावात ज्याचा ढीग फुकट मिळतो, त्या कांद्यापासून त्याला लांब ठेवावं लागतं. कांद्याने घोड्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. चाळीभोवती आधी कुंपण घातलं, मग घोड्याला मोकळं सोडलं. एकटा राहिला की खिंकाळून घर डोक्यावर घ्यायचा, म्हणून सोबतीला शेळी बांधली.

स्वारीची तर वेगळीच गत. आपण थांबवायला लगाम ताणतो. रेसचा घोडा ताणलेल्या लगामावर भार टाकून आणखी जोरात पळायला शिकलेला असतो. जॉकी आखूड रिकिबीवर गुडघे वर घेऊन बसतो. त्यामुळे स्वाराचा पाय पोटाला लागणं म्हणजे काय, हेच सोन्याला ठाऊक नव्हतं. दोनदा पडलो. पाठीवर बसून शिवाराला चक्कर मारायला आठ महिने गेले. चूक त्याची नव्हती. त्याला जे शिकवलं, ते तो चोख करत होता.

आता हिशेब बघा. हे घोडे दोन वर्षांच्या वयात पळायला लागतात. सहा-सात वर्षांचे होईपर्यंत बहुतेकांची रेस संपते. नीट सांभाळला तर घोडा पंचवीस वर्षं जगतो. म्हणजे कमाईची चार-पाच वर्षं एकाची आणि खर्चाची अठरा वर्षं जो सापडेल त्याची. कुणी रायडिंग स्कूलमध्ये जातो, कुणी वरातीत, कुणाचा पत्ताच लागत नाही.

पैसा नाही असंही नाही. पुण्याचं रेसकोर्स १८३० चं, महालक्ष्मीचं १८८३ चं. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला होता. मालकाचा वाटा आहे, ट्रेनरचा आहे, जॉकीचा आहे, सरकारचा आहे. पळणाऱ्याच्या म्हातारपणाचा वाटा कुठे आहे? महालक्ष्मीच्या १२० एकरांवर पार्क करायचा वाद मुंबईत रंगला, तेव्हा एकर सगळ्यांनी मोजले. निवृत्त घोडे मोजताना मला तरी कुणी दिसलं नाही.

वडील म्हणतात, "अरे, म्हातारा बैल आपणही विकतोच की." बरोबर आहे, आणि ते मला बोचतंच. पण दोन एकरवाला बैल विकतो तेव्हा त्याच्याकडे दुसरा मार्ग नसतो. चांदीचा कप उचलणाऱ्या मालकाला ती सबब लागू होत नाही.

उपाय काही चंद्रावरचा नाही. ब्रिटनमध्ये २००० साली रेसिंगवाल्यांनीच निवृत्त घोड्यांना नवं शिक्षण देणारी संस्था उभी केली. आपल्याकडेही प्रत्येक बक्षिसातून आणि प्रत्येक पैजेतून ठरावीक वाटा कापा. घोडा जन्मला तेव्हा त्याची नोंद होते, आईबापांसकट. तीच नोंद तो मरेपर्यंत चालू ठेवा: आज कुणाकडे आहे, कुठे आहे. आमच्या धंद्यात जुनी सिस्टीम बंद करायची तर तिच्यातल्या डेटाचं काय, हे आधी लिहून द्यावं लागतं. जिवंत जनावराला तेवढाही नियम नको?

आणि दुसरं बोट आपल्याकडे. सोन्याची रील टाकली की मेसेज येतात: "भाऊ, मलाही असा घोडा मिळेल का?" मिळेल, स्वस्तात मिळेल, आणि रोग तोच आहे. घोडा फुकट मिळतो तेव्हा त्याचं बिल कुणीतरी टाळलेलं असतं आणि आपण "वाचवला" म्हणत ते हसत उचलतो. त्यांना पुढच्या वर्षी नवा घोडा पळवायला जागा मोकळी होते. मीही ती मोकळी करून दिली.

तरी घ्यायचाच असेल तर आधी जनावरांच्या डॉक्टरला दाखवा, नालबंद शोधा, अठरा वर्षांचा चारा मोजा. आणि विकणाऱ्याला तो तिसरा प्रश्न तोंडावर विचारा. मी विचारला नव्हता.