कपडे काढून ट्रेक: गुन्हा डोंगरावर की मोबाईलवर?

आमच्या ट्रेकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा कुणीतरी एक रील टाकली. आल्प्समध्ये पाठीवर सॅक, पायात बूट, बाकी अंगावर काही नाही, अशी पाच-सहा माणसं निवांत चालली आहेत. खाली प्रश्न, "आपल्याकडे चालेल का हे?" झालं! निम्मे म्हणे संस्कृती बुडाली, निम्मे म्हणे ज्याची त्याची मर्जी. कायदा काय म्हणतो ते मात्र एकानेही सांगितलं नाही. म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

'नग्न फिरणं हा गुन्हा' असं भारतीय न्याय संहितेत सरळ कुठेही लिहिलेलं नाही. कलम २९६ (जुनं भादंवि २९४) बोलतं ते सार्वजनिक ठिकाणी, इतरांना त्रास होईल अशा अश्लील कृत्याबद्दल. शिक्षा ३ महिन्यांपर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ११० आहे. सार्वजनिक जागी मुद्दाम, असभ्यपणे अंग उघडं टाकलं तर ते लागतं.

"मग नागा साधूंचं काय?" हा प्रश्न येणारच. त्र्यंबकेश्वरच्या कुंभात नागा साधू येतात, दिगंबर मुनी विहार करताना हायवेवरून चालतात. आपण हात जोडतो, कारण त्यामागचा भाव कळतो. म्हणजे उघडं अंग आणि अश्लीलता या दोन गोष्टी आपण आधीपासूनच वेगळ्या धरतो. सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ साली अवीक सरकार खटल्यात हेच म्हटलं. नुसतं नग्न चित्र म्हणजे अश्लील नव्हे, संदर्भ आणि आजच्या समाजाची धारणा बघा.

आता गोव्यात काय झालं ते आठवा. नोव्हेंबर २०२०. मिलिंद सोमण ५५व्या वाढदिवसाला किनाऱ्यावर कपड्यांविना धावले आणि तो फोटो त्यांनी टाकला. त्याच आठवड्यात काणकोणच्या चापोली धरणावरच्या शूटिंगवरून पूनम पांडे यांना अटक झाली, पोलीस निरीक्षक निलंबित झाला. सोमण यांच्यावरही गुन्हा नोंदला गेला, तोही फोटो सगळीकडे फिरल्यावर. किनाऱ्यावर त्या वेळी कुणाला त्रास झाला, हा मुद्दा चर्चेत कुठेच नव्हता.

खरी गोम इथे आहे. प्रत्यक्ष कृत्याला ३ महिने. पण तोच फोटो नेटवर टाकला आणि तो अश्लील ठरला, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली पहिल्याच वेळी ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड! निर्दोष सुटलात तरी खटल्याची फरफट चुकत नाही. १९९५च्या त्या बुटांच्या जाहिरातीतून सोमण आणि मधू सप्रे सुटले ते २००९ साली. चौदा वर्षं!

म्हणजे ज्याच्या गावात घडलं त्याच्या त्रासापेक्षा घरी सोफ्यावर बसून स्क्रीन बघणाऱ्याच्या त्रासाला जास्त वजन. हे मला उलटं वाटतं.

याचा अर्थ सह्याद्रीत खुशाल कपडे काढा, असा नाही. माझं मत स्पष्ट आहे: नको. आपल्या वाटा म्हणजे रिकामं जंगल नव्हे. हरिश्चंद्रगडाची पाचनईची वाट घ्या. अभयारण्य आहे, वनखात्याचे नियम आहेत, वर देऊळ आहे. आणि त्याच वाटेवर गावातल्या मावशी लिंबूसरबत घेऊन बसतात, पोरं गुरं घेऊन जातात. ती त्यांची रोजची वहिवाट. आपण शनिवार-रविवारचे पाहुणे. मावशींनी मान खाली घालून बसायचं आणि आपण 'निसर्गाशी एकरूप' व्हायचं, हे स्वातंत्र्य नाही, हा माज आहे.

स्वित्झर्लंडमध्येही हेच झालं. अपेंझेल भागात नग्न हायकर्स वाढले, लोक वैतागले. एप्रिल २००९ मध्ये चौकातल्या लोकसभेत गावकऱ्यांनी हात वर करून बंदी घातली. दंड २०० फ्रँक. शेजारच्या भागातल्या एकाचा १०० फ्रँकचा दंड तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केला. विषय संपला. ना तुरुंग, ना चौदा वर्षं. उलट जर्मनीत हार्झच्या डोंगरात २०१० पासून १८ किलोमीटरची वाटच नग्न चालणाऱ्यांसाठी आहे. सुरुवातीलाच पाटी: बघायचं नसेल तर पुढे येऊ नका.

दोन्हीकडे उत्तर वेगळं, पण नियम आधी सांगितलेला, स्थानिकांना विचारून, आणि शिक्षा कृत्याच्या मापाची. मला एवढंच हवंय. वाट ज्यांची, त्यांचा शब्द आधी. चुकला त्याला जागेवर दंड. आणि निर्जन ठिकाणच्या साध्या फोटोवर कलम ६७ लावू नका.

आणि हो, संस्कृतीच्या नावाने गळा काढणाऱ्या आपल्याच मंडळींना एक विचारतो. गडावरच्या पिण्याच्या पाण्याच्या टाक्यात चड्डीवर उड्या कोण मारतं? त्याची तक्रार आजवर किती जणांनी केली?

तुमचं मत सांगा. पण शिव्या न देता.