रातांधळेपणाची वंशावळ

अंधार पडताच मूल अडखळू लागले की घरात प्रथम आठवते ती पपई आणि शेवग्याची पाने. अ-जीवनसत्त्वाच्या अभावाने आलेला रातांधळेपणा योग्य आहार-औषधाने हटतो, हे खरे. परंतु वंशातून येणारा रातांधळेपणा तसा हटत नाही. त्यातील प्रमुख विकार रेटिनायटिस पिगमेंटोसा. यात दृष्टिपटलातील, मंद प्रकाशात पाहणाऱ्या दंडपेशी आधी नष्ट होतात. मग कडेची दृष्टी जाते आणि माणूस जणू नळीतून पाहू लागतो. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकणाऱ्या घरांत मुलाची ही अडचण उशिरा ध्यानात येण्याचा संभव अधिक.

जगात सुमारे चार हजारांत एकाला हा विकार असतो. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात विदर्भाच्या ज्या खेड्यांतून रुग्ण येतात, तशाच नागपूरजवळच्या खेड्यांत तीस वर्षांवरील ४७११ जणांची पाहणी झाली, तेव्हा हे प्रमाण साडेसातशेंत एक निघाले.

पुष्कळ घराण्यांत हा दोष सुप्त वाहतो. आई-वडील दोघांची दृष्टी उत्तम, पण दोघांजवळ एकाच जनुकाची एकेक सदोष प्रत. त्या दोन्ही अपत्याच्या वाट्याला आल्या तरच विकार. ही शक्यता प्रत्येक गर्भधारणेत चारात एक; पहिले मूल बाधित, म्हणून पुढची तीन निर्धास्त, असा जमाखर्च येथे मांडता येत नाही.

सोयरीक जुळवताना गोत्र काटेकोर पाहतात. मात्र गोत्र पित्याकडून चालते, जनुके दोहोंकडून. मामाची मुलगी गोत्राने परकी, रक्ताने नव्हे. सख्ख्या आते-मामेभावंडांत सरासरी आठवा हिस्सा समान असतो. तरी दोष बहुधा एकट्या सुनेच्या माथी येतो, आणि बैठकीत ‘आमच्याकडे कुणालाच काही नाही’ असे सांगून एखाद्या काकांची अंधुक नजर झाकली जाते. सेवाग्रामला असो वा अन्यत्र, नेत्रतज्ज्ञ नात्यातल्यांच्या डोळ्यांविषयी विचारतात तेव्हाही हेच उत्तर मिळाले, तर निदानाचा मोठा धागा हातचा जातो.

निदान नेमके हवे, कारण या विकाराशी निगडित जनुके ऐंशीहून अधिक आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेला जनुकोपचार केवळ ‘आरपीई६५’ या जनुकाच्या दोषावर, तोही दृष्टिपटलात जिवंत पेशी शिल्लक असतील तरच. दोन्ही डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर!

नेत्रदानाने या रुग्णास दृष्टी मिळत नाही. रोपण होते ते डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलाचे, म्हणजे कॉर्नियाचे. रुग्णाचे स्वतःचे ते पटल निर्मळ असेल, तर मरणोत्तर त्याचे नेत्रदान मात्र दुसऱ्याच्या उपयोगी पडू शकते.